दिवा लागला म्हणजे वायफाय सापडले असे नव्हे

लातूरला शिकवणीसाठी खोली घेऊन राहणाऱ्या माझ्या भाच्याने दिवाळीच्या सुट्टीत किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवायचे, वायफाय शोधणारे एक छोटे यंत्र परभणीला आणले. बटण दाबल्यावर चारपैकी जितके दिवे अधिक लागतील तितके नेटवर्क जवळ, असे खोक्यावर छापलेले होते. आमच्या घरी राउटर नाही. तरीही स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये दूध तापत असताना चारही दिवे लागले आणि ओव्हन थांबताच विझले.

यंत्र बिघडलेले नव्हते. वायफायच्या लहरींचा जुना पट्टा सेकंदाला सुमारे २४० ते २४८ कोटी कंपनांचा आहे आणि घरगुती ओव्हन २४५ कोटींच्या आसपास चालतो. त्याच्या दारातून निसटणारी अत्यल्प ऊर्जा जवळच्या यंत्राला पुरते. ब्लूटूथही याच पट्ट्यात असते. स्वस्त यंत्र गोंगाट किती आहे एवढेच मोजते. कोण काय बोलत आहे, हे त्याला कळत नाही.

बोलणे मात्र ऐकण्यासारखे आहे. प्रत्येक राउटर सहसा दर १०२.४ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा वेळा, दवंडी पिटत असतो. या दवंडीला बीकन म्हणतात. तिच्यात नेटवर्कचे नाव, चॅनेल (म्हणजे पट्ट्यातला त्याचा ठरावीक कप्पा) आणि १६ बिटांचा, म्हणजे शून्य किंवा एक अशा १६ अंकांचा, एक रकाना असतो; त्यातला पाचवा बिट शून्य असेल तर नेटवर्क उघडे, एक असेल तर कुलूपबंद, म्हणजे पासवर्ड मागणारे. दवंडी स्वतः सांकेतिक लिपीत नसल्याने नेटवर्कला न जोडताही ती वाचता येते. त्यासाठी दवंडी वाचणाऱ्या यंत्राला एकेका चॅनेलवर दशांश सेकंदाहून किंचित अधिक काळ कान देऊन थांबावे लागते. आपल्याकडच्या १३ चॅनेलांची फेरी अशी सुमारे दीड सेकंदात होते.

संदेशाची ताकद डीबीएम या एककात मोजतात; आकडा जितका अधिक उणे, तितका संदेश क्षीण. उणे ३० म्हणजे वॅटचा दहा लाखावा भाग, उणे ६० म्हणजे त्याचाही हजारावा आणि उणे ९० म्हणजे पुन्हा त्याचा हजारावा. उणे ६५ला व्हिडिओ सुरळीत चालतो, उणे ८५ला साधे पानही रखडते. जुन्या वाड्याच्या दगडी भिंतीआड गेल्यावर हा आकडा झरझर उतरतो. इतका मोठा पल्ला चार दिव्यांत मावणे शक्य नाही, म्हणून आकडा दाखवणारा पडदा हवाच.

   

उघडे म्हणजे विनाअट असेही नाही. रेलटेल या रेल्वेच्या दूरसंचार कंपनीने गूगलच्या साथीने उभारलेले स्थानकांवरचे वायफाय जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरू झाले; दवंडी वाचणारे यंत्र ते उघडे दाखवते, पण पुढे मोबाइल क्रमांक आणि ओटीपी द्यावा लागतो. कुणाच्या घरचे नेटवर्क उघडे राहिले म्हणून ते वापरण्याची परवानगी मिळत नाही.

साधा स्मार्टफोनही नाव आणि कुलपाचे चिन्ह दाखवतोच, त्यामुळे बहुतेकांना वेगळ्या यंत्राची गरज नाही. तरीही घ्यायचे असेल, तर दुकानातच स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट आधी पासवर्डसह आणि मग पासवर्डशिवाय सुरू करावा. यंत्राच्या पडद्यावर फोनचे नाव उमटले आणि दुसऱ्या वेळी कुलपाचे चिन्ह गेले, तरच पैसे द्यावेत.