तेफळ चावलं आणि करंट लागला

गोव्यातल्या पाळोळ्याच्या किनाऱ्याला उत्तरेच्या टोकाशी एक छोटं बेट चिकटलेलं आहे. ओहोटी लागली की पाण्यातून चालत तिथे जाता येतं. आम्ही चौघे मित्र ओहोटीची वाट बघत होतो, आणि वाट बघायला मागच्या गल्लीतल्या खानावळीइतकी चांगली जागा नाही. उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचं हुमण म्हणजे माशाची आमटी, सोलकढी. वाढणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, "तेफळां कुशीक काडात, चाबूं नाकात." म्हणजे तेफळं बाजूला काढा, चावू नका. आमच्यातल्या पुणेकराला ते कळलं नाही. थोड्या वेळाने त्याचा घास हातातच राहिला. "ओठांना करंट लागतोय रे. ह्यात त्रिफळा चूर्ण घालतात का?"

हा घोटाळा फार जुना आहे. त्रिफळा म्हणजे हिरडा, बेहडा आणि आवळा. तेफळ, म्हणजे कोकणातलं तिरफळ, हे एकाच झाडाचं फळ. बुंध्यावर काटे असलेलं हे झाड लिंबू, बेल आणि कढीपत्त्याच्या घराण्यातलं. मटारच्या दाण्याएवढं फळ वाळलं की उकलतं, आतली काळी चकचकीत बी टाकून देतात आणि फक्त साल वापरतात. बांगडा, तारले असल्या तेलकट, उग्र वासाच्या माशांना हिच्यावाचून चव नाही, असं गोव्यात कोणीही सांगेल.

पण मला जास्त आवडला तो त्याचा 'करंट' हा शब्द. तिखट नाही म्हणाला, आंबट नाही, करंट म्हणाला. आणि तो बरोबर होता.

मिरचीचं तिखट ही मुळात चव नव्हेच. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या चेतातंतूंचं दार उघडतं. हे दार एरवी साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर उघडतं, म्हणून मेंदूला वाटतं तोंड भाजलं. या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. याच ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने २००८ मध्ये तेफळाच्या चिनी भाऊबंदाकडे, सिचुआन मिरीकडे, मोर्चा वळवला. नाव मिरी असलं तरी काळ्या मिरीशी तिचं काही नातं नाही, तेफळाशी आहे. त्यांना जे दिसलं ते मिरचीच्या नेमकं उलट होतं. तिथे दार उघडत नव्हतं, बंद होत होतं.

इथे जरा सावकाश वाचा. चेतापेशीच्या आत पोटॅशियमचे आयन भरपूर असतात आणि तिच्या पटलात काही बारीक झडपा कायम किलकिल्या असतात. त्यांतून पोटॅशियम सतत थोडं थोडं बाहेर झिरपतं. प्रत्येक आयन जाताना आपला धन प्रभार घेऊन जातो, त्यामुळे पेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने ऋण राहते, ढोबळमानाने ७० मिलिव्होल्टने. पेशी शांत बसते ती या गळतीमुळे. सिचुआन मिरीतलं हायड्रॉक्सी-आल्फा-सांशूल नेमक्या याच झडपा बुजवतं. गळती थांबते, धन प्रभार आतच अडकतो, ऋणपणा ओसरत जातो. तो एका उंबरठ्यापलीकडे गेला की सोडियमच्या झडपा धडाधड उघडतात आणि पेशी संदेश सोडते. मग पुन्हा सावरते, पुन्हा घसरते, पुन्हा संदेश. कोणी हात लावलेला नसताना स्पर्शाची तार अशी आपोआप वाजत राहते.

ती किती वेळा वाजते, हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या हागुरा, बार्बर आणि हॅगर्ड यांनी २०१३ मध्ये मोजलं. प्रयोग अगदी साधा. स्वयंसेवकांच्या ओठांना सिचुआन मिरी लावली आणि बोटाला एक कंप पावणारं यंत्र. ओठांवरची झिणझिण आणि बोटावरचा कंप, यांत वेगवान कोणता, एवढंच विचारायचं. दोन्ही सारखे वाटेपर्यंत यंत्राचा वेग बदलत न्यायचा. उत्तर आलं, सेकंदाला सुमारे ५० वेळा. म्हणजे ५० हर्ट्झ!

आपल्या घरातली वीजही ५० हर्ट्झचीच. हे सांगितल्यावर आमचा पुणेकर उसळला, "म्हणजे तेफळात वीज असते!" अजिबात नाही. आकडा जुळला हा निव्वळ योगायोग. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची आहे, म्हणून तिथल्या माणसाचे ओठ ६० ने झिणझिणणार नाहीत. हे मुद्दाम सांगतो, कारण असल्या योगायोगावर 'आपल्या पूर्वजांना विजेचं ज्ञान होतं' असा मेसेज तयार व्हायला एक संध्याकाळ पुरते.

तोंड शांत करायला त्याने सोलकढीचे दोन पेले रिचवले. नारळाच्या दुधातल्या स्निग्धांशात कॅप्सेसिन विरघळतं, म्हणून मिरचीवर तिचा उतारा चालतो. तेफळाच्या झिणझिणीवर तिने फारसा फरक पडला नाही, ती आपल्या वेळेने उतरली. सोलकढीवरून आठवलं. कोकमाच्या वंशातल्या गार्सिनिया कॅम्बोजियाच्या 'वजन घटवणाऱ्या' कॅप्सूल औषधांच्या दुकानात मिळतात. १९९८ मध्ये १३५ जणांवर १२ आठवडे त्यांतल्या हायड्रॉक्सीसिट्रिक आम्लाची चाचणी झाली होती, आणि ते घेणाऱ्यांचं वजन नुसती बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त घटलं नाही. सोलकढी प्यावी ती चवीसाठी.

ओहोटी लागली, आम्ही बेटाकडे निघालो. वाटेत पुणेकराने स्वतःचा प्रयोग केला. मोबाइल व्हायब्रेटवर टाकून बोटाला लावला, डोळे मिटले आणि म्हणाला, "हे वेगळंच. हे बारीक आहे, ते जाडंभरडं होतं." त्याला माहीत नव्हतं, पण मोबाइलचा कंप बहुधा १५० हर्ट्झच्या वरचा असतो आणि तो त्वचेत खोलवर असलेल्या पॅसिनीच्या कणिका टिपतात. पन्नासच्या आसपासचा थरथराट टिपणाऱ्या माइसनरच्या कणिका वर, त्वचेच्या अगदी पृष्ठभागालगत. यंत्राशिवाय, ओल्या वाळूत उभं राहून, त्याने दोन वेगळ्या तारा वेगळ्या ओळखल्या होत्या. परतताना त्याने काणकोणच्या बाजारात पाव किलो तेफळं घेतली. पाव किलो! एका हुमणाला सात-आठ पुरतात.