साठच्या दशकातले आवडते सिनेमे : क्रमवारी आणि भांडणं

१९६० ते १९६९ या दहा वर्षांतल्या सिनेमांची आपापली टॉप टेन लावायची आणि मग ती समोरच्याच्या गळी उतरवायला तासन्‌तास भांडायचं, हा जुन्या सिनेमाच्या रसिकांचा आवडता उद्योग. मराठी घरांत यात हिंदी आणि मराठी दोन्ही सिनेमे येतात, बऱ्याचदा एकाच यादीत, आणि अर्धी भांडणं तिथूनच सुरू होतात. नंबर लावायची सवय लोकांना गाण्यांनी आधीच लावली होती, कारण रेडिओ सिलोनवर १९५२पासून बिनाका गीतमाला सुरू होती आणि अमीन सायानी दर बुधवारी कुठलं गाणं कुठल्या पायदानवर ते सांगायचे. सिनेमाचं असं कुणी सांगत नव्हतं, म्हणून ते काम लोकांनी स्वतःच घेतलं.

पहिला वाद कायम वर्षाचा. ‘कागज के फूल’, ‘सुजाता’, ‘नवरंग’ हे तिन्ही १९५९चे, पण बोलता बोलता कुणीतरी ते साठच्या यादीत घुसवतंच. ‘चलती का नाम गाडी’ तर १९५८चा, तरी ‘पडोसन’चं (१९६८) नाव निघालं की किशोर कुमारच्या नावाने तोही आत येतो. दुसऱ्या टोकाला ‘मेरा नाम जोकर’ आहे, तो डिसेंबर १९७०ला आला म्हणजे सरळ बाहेर, पण राज कपूरवाले म्हणतात शूटिंग तर आधीचं ना! या हिशोबाने गेलं तर ‘पाकीजा’सुद्धा (१९७२) घ्यावा लागेल, म्हणून शेवटी रिलीजचं वर्ष धरायचं असं ठरतं आणि पुढच्या वेळी परत तेच. ‘आराधना’ (१९६९) नियमात बसतो पण मनात बसत नाही, राजेश खन्नाची लाट लोकांना सत्तरचीच वाटते.

मराठीत याचं सगळ्यात दुखरं उदाहरण ‘सांगत्ये ऐका’. दिग्दर्शक अनंत माने, पडद्यावर हंसा वाडकर, जयश्री गडकर, आणि पुण्यात विजयानंद टॉकीजला १३१ आठवडे. तो लागला १९५९ला, पण इतके आठवडे चालला म्हटल्यावर अर्ध्याहून जास्त मुक्काम साठच्या दशकातच झाला की. हा मुद्दा मला तरी पटतो, कडक नियमवाल्यांना पटत नाही.

दुसरं मोठं भांडण फिल्मफेअरचं, आणि हे लोक अजून विसरलेले नाहीत. ‘मुघल-ए-आझम’ १९६०चा, मराठा मंदिरला प्रीमियर, तिकिटासाठी लोक रस्त्यावर झोपले वगैरे सगळ्यांना तोंडपाठ असतं. त्याला बेस्ट फिल्म मिळालं, पण त्या वर्षीचं संगीताचं बक्षीस गेलं ‘दिल अपना और प्रीत पराई’ला आणि बेस्ट अॅक्ट्रेस मधुबालाला नाही तर ‘घूंघट’साठी बीना रायला. दिलीप कुमारला मिळालं, पण ‘कोहिनूर’साठी! तसंच १९६७ला ‘गाईड’चं झालं. सिनेमा, दिग्दर्शक, नायक, नायिका सगळी बक्षिसं ‘गाईड’ने नेली आणि संगीताचं मात्र ‘सूरज’ला, म्हणजे शंकर-जयकिशनला. ‘गाईड’चे संगीतकार सचिनदा, म्हणजे एस. डी. बर्मन, यांचे चाहते हा विषय निघाला की आवाज चढवतात, आणि खरं सांगायचं तर चढवावा असाच तो निकाल आहे. उलट बाजूवाले म्हणतात की ‘सूरज’मधलं रफीचं गाणं आजही लग्नाच्या वरातीत बँडवाले वाजवतात, ते कसं विसरता.

मग सिनेमा कुणाचा हा प्रश्न. ‘साहिब बीबी और गुलाम’वर (१९६२) दिग्दर्शक म्हणून नाव अबरार अल्वीचं आहे, फिल्मफेअरही त्यालाच मिळालं, पण सिनेमाचा निर्माता आणि नायक असलेल्या गुरुदत्तची माणसं ते मानायला तयार नसतात, प्रत्येक फ्रेम दाखवून सांगतात की हा हात बघा कुणाचा. ‘तीसरी कसम’चं (१९६६) वेगळंच. दिग्दर्शक बासू भट्टाचार्य, गोष्ट फणीश्वरनाथ रेणूंची, पण सगळे तो गीतकार शैलेंद्रचा सिनेमा म्हणतात कारण पैसा त्याने घातला, सिनेमा चालला नाही आणि त्याच वर्षी १४ डिसेंबरला तो गेला. नंतर सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हा सिनेमा वर ठेवताना लोक सिनेमाला मार्क देतात की शैलेंद्रला, हे विचारलेलं कुणालाच आवडत नाही.

गाणी हा तर सगळ्यांचाच वीक पॉइंट. यादी सिनेमांची म्हणून सुरू होते आणि दहा मिनिटांत गाण्यांची होते. म्हणून काहीजण अट घालतात की गाणी काढून टाका आणि मग सांगा काय उरतं. त्यात बरेच काश्मीरवाले रंगीत सिनेमे गळतात, ‘बंदिनी’ (१९६३) नूतनमुळे टिकतो, आणि ज्यांत गाणीच नाहीत ते ‘कानून’ (१९६०) आणि ‘इत्तेफाक’ (१९६९) एकदम वर येतात. फिल्म सोसायटीतली मंडळी असली की ती हिंदीच्याही बाहेर जातात, बंगाली ‘मेघे ढाका तारा’, ‘चारुलता’ काढतात आणि हिंदीतून फार तर ‘भुवन शोम’ला पास करतात.

मराठी यादी लहान पण भांडण तितकंच मोठं. ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०) पहिल्या तिनात नसेल तर पुढे बोलायलाच नको, राजाभाऊ परांजपे, गदिमा आणि सुधीर फडके एकत्र म्हटल्यावर काय. ‘मानिनी’, ‘प्रपंच’, ‘एकटी’ यांचे आपापले लोक ठरलेले. कोल्हापूरकडचे भालजींचा ‘साधी माणसं’ (१९६५) वर चढवतात, त्याचं संगीत आनंदघन या नावाने लता मंगेशकरांनी दिलेलं, त्यामुळे विरोध करणाऱ्याचीही जरा पंचाईत होते. आणि ‘पाठलाग’ (१९६४). यावरून राज खोसलांनी ‘मेरा साया’ (१९६६) केला, तो गाजला, आणि आता हिंदीवाल्यांना मूळ मराठी आहे हे दर वेळी सांगावं लागतं. गोव्यातली माणसं असली तर तीही लगेच आठवण करून देतात की कोंकणी ‘निर्मोण’वरून (१९६६) हिंदीत ‘तकदीर’ (१९६७) आला. मूळ आणि रिमेक दोन्ही यादीत घ्यायचे का, तर सहसा नाही, एकच घ्या म्हणतात, आणि मराठी माणूस त्या क्षणी तरी ‘पाठलाग’लाच मत देतो, मग ‘मेरा साया’तल्या साधनाचा कितीही फॅन असो.

वयाप्रमाणेही याद्या बदलतात. ज्यांनी थिएटरात बघितले त्यांना भव्य सिनेमे आठवतात, ‘संगम’ (१९६४) दोन इंटरव्हलांसकट. ज्यांनी नंतर दूरदर्शनवर छोट्या पडद्यावर बघितले त्यांना घरगुती आणि विनोदी जास्त जवळचे. ‘मुघल-ए-आझम’ बऱ्याच तरुणांनी २००४ला रंगवलेलाच बघितला, जुने लोक तो धरत नाहीत.

शेवटची कटकट विजय आनंदची. यादी आटोक्यात राहावी म्हणून एका दिग्दर्शकाचा एकच सिनेमा असा नियम काहीजण लावतात, पण त्याने या एकाच दशकात ‘तेरे घर के सामने’, ‘गाईड’, ‘तीसरी मंजिल’ आणि ‘ज्वेल थीफ’ करून ठेवलेत. मग ‘गाईड’ राहतो, बाकीचे तीन बाहेर, संगीतकार पंचमचे (आर. डी. बर्मनचे) चाहते ‘तीसरी मंजिल’साठी उठून उभे राहतात, आणि बहुतेक वेळा सिनेमाऐवजी नियमच काढून टाकला जातो.