आयडीएम खरंच स्पीड वाढवायचं का?

‘पाचपट स्पीड’ ही आयडीएमची (इंटरनेट डाउनलोड मॅनेजर, फाइलचे तुकडे करून ते अनेक कनेक्शनवरून एकाच वेळी उतरवणारं सॉफ्टवेअर) जाहिरात जुन्या लोकांना आठवत असेल. डायलअपवर, म्हणजे फोनच्या लाइनवरच्या इंटरनेटवर मात्र हे जवळपास शक्यच नव्हतं, कारण गाडी अडायची ती आपल्याच मोडेमपाशी. ५६ केबीपीएस म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला चार-पाच केबी, मग फाइलचे आठ तुकडे करा नाहीतर बत्तीस, लाइन तेवढीच.

खरी कमाल होती रिझ्यूमची, म्हणजे तुटलेलं डाउनलोड जिथे थांबलं तिथूनच पुढे सुरू करायची. ७०० एमबीची लिनक्सची सीडी उतरवायला त्या स्पीडने चाळीसेक तास, आणि मधेच घरात कुणी रिसीव्हर उचलला की लाइन कट, ब्राउझर परत शून्यापासून सुरू. जानेवारी १९९७ मध्ये एचटीटीपी १.१ चं (ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्यांचं) स्टँडर्ड आलं, त्यात सर्व्हरला ‘अमुक बाइटपासून पुढचंच दे’ असं सांगायची सोय होती, सर्व्हरला जमत असेल तर तो २०६ नंबरचं उत्तर देऊन तेवढंच पाठवतो. गेटराइट, फ्लॅशगेट, डॅप ही सगळी डाउनलोड मॅनेजर मंडळी याच्या जिवावर मोठी झाली. (आज ब्राउझरमध्ये व्हिडिओ पुढे सरकवला की बऱ्याचदा हेच चाललेलं असतं.)

ब्रॉडबँड आल्यावर तुकड्यांचा फायदा खरंच दिसायला लागला, पण तो येतो कुठून ते बघा. गर्दीच्या सर्व्हरवर बँडविड्थची वाटणी साधारणपणे कनेक्शनमागे होते, माणसामागे नाही. नऊ जणांचं एकेक कनेक्शन आणि तुमची आठ, म्हणजे सतरापैकी आठ वाटे तुमचे, जवळजवळ अर्धा माल! पंगतीत एकट्याने आठ पानं मांडून बसायचं आणि वर म्हणायचं मी फास्ट जेवतो. १९९९ च्या एचटीटीपीच्या कागदात एका क्लायंटने एका सर्व्हरशी दोनच्या वर कनेक्शन ठेवू नयेत असं स्पष्ट लिहिलं होतं, पण डाउनलोड मॅनेजरवाले कसले ऐकतायत, शेवटी बऱ्याच साइट्सनी स्वतःच एका आयपीला मोजकी कनेक्शन द्यायला सुरुवात केली.

आपल्याकडे मात्र मला वाटतं शेड्युलरने जास्त राज्य केलं. बीएसएनएलच्या काही प्लॅनमध्ये दिवसा एमबी मोजून आणि रात्री २ ते सकाळी ८ अनलिमिटेड, त्यामुळे झोपायच्या आधी लिंका लावून ठेवायच्या, २ वाजता डाउनलोड आपोआप सुरू, संपलं की पीसीही आपोआप बंद. फक्त अधूनमधून सकाळी उठून बघावं तर रात्रभर काहीच उतरलेलं नाही आणि स्क्रीनवर चोरीच्या आयडीएमचा ‘तुमचा सीरियल नंबर फेक आहे’ असा पॉपअप.