मूकपटांच्या वृत्तपत्रीय जाहिराती (मुंबई आणि सोलापूर)

चित्रपटाचा खेळ कुठे, किती वाजता आणि किती आण्यांत पाहायला मिळेल हे सांगणारा वर्तमानपत्रातला मजकूर. मुंबईत याची सुरुवात 1896 मध्ये झाली आणि बोलपट आल्यावर, 1931 नंतर, त्याचे रूप पालटले. भारतात सुमारे 1,300 मूकपट तयार झाले. त्यांतले मोजकेच आज शिल्लक आहेत. बाकीच्यांचे नाव, तारीख आणि थिएटर कळण्याची जागा म्हणजे बहुतेक वेळा एका कॉलमातली दोन-तीन इंचांची ही चौकट. म्हणून ती नीट वाचता येणे महत्त्वाचे आहे.

7 जुलै 1896, मंगळवार. फ्रान्समधल्या, चलचित्रांचे यंत्र काढणाऱ्या ल्युमिएर बंधूंचा प्रतिनिधी मारिउस सेस्तिए याने मुंबईच्या वॉटसन हॉटेलात चित्रे दाखवली. 'टाइम्स ऑफ इंडिया'तल्या जाहिरातीत 'शतकातला चमत्कार, जगातले आश्चर्य' अशा अर्थाचे शब्द होते. दर एक रुपया, सर्वांना सारखा. आठवड्याभरात खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेला आणि दर चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत पसरले. पडदानशीन स्त्रियांसाठी राखीव बॉक्सचीही सोय झाली. एका हॉटेलातल्या साहेबी प्रेक्षकाकडून शहराच्या प्रेक्षकाकडे झालेले हे सरकणे दरांच्या ओळीतच दिसते. जाहिरातीत सर्वांत आधी दर वाचावेत ते याचसाठी.

दादासाहेब तोरणे यांचा 'पुंडलिक' 18 मे 1912 रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. पुढच्या शनिवारच्या, 25 मेच्या जाहिरातीत मालकांनी लिहिले की मुंबईतल्या जवळजवळ निम्म्या हिंदूंनी हा खेळ पाहिला आहे, उरलेल्या निम्म्यांनीही पाहावा. हा आकडा मोजलेला नाही, त्यावरून प्रेक्षकसंख्या काढू नये. पण चित्रपट दुसऱ्या आठवड्यात गेला आणि मालकाच्या डोळ्यांपुढे कोणता प्रेक्षक होता, या दोन गोष्टी त्यातून पक्क्या कळतात. जाहिरातीतली फुशारकी टाकून द्यायची नसते. ती कोणाला उद्देशून आहे ते पाहायचे असते.

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी त्याच कोरोनेशनमध्ये लागला. इंग्रजी जाहिरातीत हिंदू पुराणातला बोधप्रद विषय, भारतात तयार झालेला पहिला चित्रपट, प्रचंड खर्च आणि हिंदू प्रेक्षकांना नक्की आवडेल, असे मुद्दे आहेत. त्याच चौकटीत एका बाईंचे नृत्य, एक विनोदी प्रवेश, पायांनी जगलिंग करणारा कलावंत आणि विनोदी चित्रफितीही आहेत. म्हणजे चार रिळांचा हा चित्रपट अजून एका मिश्र कार्यक्रमाचा भाग होता. खेळांच्या वेळा 6, 8, 10 आणि 11.45. पहिल्या तीन खेळांत दोन-दोन तासांचे अंतर आहे, शेवटचे अंतर पावणेदोन तासांचे. एक खेळ फार तर दीड-पावणेदोन तासांत आटपत असावा हे यावरून निघते. तळाशी सूचना होती : दर दुप्पट.

मुंबईबाहेरच्या खेळांसाठी फाळक्यांनी केलेली जाहिरात याहून वेगळी. सुरतेत त्यांना अडचण अशी सांगण्यात आली की लोक दोन आण्यांत सहा तासांचे नाटक पाहतात, तीन आण्यांत दीड तासाचा खेळ कोण पाहील? तेव्हा त्यांनी वेळ मोजण्याऐवजी लांबी मोजली : 57,000 छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र, फक्त तीन आण्यांत. हा हिशेब तपासता येतो. 35 मिमी फितीवर एका फुटात 16 चित्रे बसतात. 57,000 ला 16 ने भागले की सुमारे 3,560 फूट येतात, आणि 'राजा हरिश्चंद्र'ची नोंदलेली लांबी 3,700 फूट आहे. म्हणजे छायाचित्रांचा आकडा जवळजवळ बरोबर. दोन मैल मात्र 10,560 फूट होतात, खऱ्या लांबीच्या जवळजवळ तिप्पट. एकाच वाक्यातला एक आकडा खरा आणि दुसरा फुगवलेला, ही या जाहिरातींची नेहमीची रीत आहे. फुटांचे किंवा रिळांचे आकडे सापडले की असा भागाकार करून पाहावा. एक रीळ सुमारे 1,000 फुटांचे, सेकंदाला 16 चित्रांच्या गतीने ते साडेसोळा मिनिटे चालते. ऑपरेटर हँडल हाताने फिरवत असल्याने प्रत्यक्षात पुष्कळदा त्याहून लवकर संपे.

छपाईची बाजू समजून घेतल्याशिवाय मराठी जाहिराती वाचताना फसगत होते. त्या काळात देवनागरी खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरे, हातानेच जुळवले जात. मुंबई वळणाच्या छपाईत अक्षरे एका ओळीत आणि वेलांटी, मात्रा, रफार यांचे खिळे वर-खाली वेगळे बसवावे लागत. फर्मा (जुळवलेल्या पानाची चौकट) आवळताना किंवा दाबाखाली हे नाजूक खिळे तुटत. त्यामुळे पात्रांची आणि नटांची नावे अनुस्वार किंवा रफार गळून छापली जातात, आणि पुढे कोणी ती तशीच यादीत उतरवतो. एका अंकातले नाव लागलीच प्रमाण मानू नये. निदान तीन अंकांतल्या जाहिराती शेजारी ठेवून पाहाव्यात. चित्रांचेही तसेच. वर्तमानपत्राच्या खरखरीत कागदावर इंचाला 55 ते 65 रेघांच्या जाळीचा हाफटोन ब्लॉकच (बारीक ठिपक्यांतून फोटो छापणारा ठसा) टिकतो. त्याहून बारीक जाळीत शाई भरते आणि चेहऱ्याच्या जागी काळा डाग उरतो. म्हणून रेषांचे ब्लॉक, मोठी अक्षरे आणि जाड चौकट यांवर भर असे. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटर यांनी चित्रांची खरी ताकद पोस्टरांत आणि सचित्र पुस्तिकांत वापरली. वर्तमानपत्रात ती उतरणे अवघडच होते.

जुळवलेला मजकूर मोडून पुन्हा जुळवणे खर्चाचे असल्यामुळे तोच साचा दुसऱ्या दिवशी तारीख किंवा एखादी ओळ बदलून वापरत. कधी बदलायची ओळ राहून जाई आणि संपलेला खेळ कागदावर चालूच दिसे. यावर एक साधी कसोटी आहे. 18 मे 1912, 3 मे 1913 आणि पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' लागला तो 14 मार्च 1931, हे तिन्ही शनिवार. मुंबईत नवा कार्यक्रम शनिवारी लागणे सरावाचे होते. एखाद्या यादीत आठवड्याच्या मधलीच प्रदर्शनाची तारीख दिसली, तर ती जाहिरात छापल्याची किंवा खास आमंत्रितांच्या खेळाची तर नाही ना, हे पाहावे. 'राजा हरिश्चंद्र'च्या बाबतीत असेच होते : 21 एप्रिल 1913 हा ऑलिम्पिया थिएटरातल्या निमंत्रितांच्या खेळाचा सोमवार, लोकांसाठीचा खेळ 3 मेचा.

सोलापूर मुंबई-मद्रास लोहमार्गावर, मुंबईपासून सुमारे 455 किमी अंतरावर. जुनी गिरणी, लक्ष्मी, विष्णू, नरसिंगगिरजी अशा कापड गिरण्यांमुळे रोख पगार घेणारा मोठा कामगार वर्ग इथे होता. त्यात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारे भरपूर. मुंबईच्या इंग्रजी जाहिरातीची भाषा यांतल्या फार थोड्यांची. शिवाय मुंबईतली तारीख सोलापूरला लागू होत नाही. फिल्मच्या पेट्या आधी मोठ्या शहरांतले खेळ आटपून मग रेल्वेने पुढे सरकत, त्यामुळे कोणते चित्र नेमके कधी पोहोचेल याची खात्री आधी देता येत नसे. साप्ताहिकाची अडचण त्याहून मोठी. अंक आठवड्यातून एकदा निघणार आणि कार्यक्रम मध्येच बदलणार, तर अंकात चित्राचे नाव छापणे जोखमीचे. अशा गावांत त्या दिवसाचे नाव हँडबिलांवर, बँड लावून फिरणाऱ्या बैलगाडीवरच्या फलकावर किंवा दवंडीने कळे. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेसारख्या गर्दीच्या दिवसांत तंबूतल्या खेळाला तर छापील ओळीची गरजच नव्हती. त्यामुळे सोलापूरच्या पत्रांत जाहिरात सापडली नाही, म्हणून तो चित्रपट गावात लागलाच नाही असे म्हणता येत नाही. हा निष्कर्ष घाईने काढला जातो आणि तो चुकीचा आहे.

दरांची तुलना करताना 1923 हे वर्ष लक्षात ठेवावे. मुंबई इलाख्यात त्या वर्षी करमणूक कर आला. त्यानंतरच्या जाहिरातीतल्या दरात कर धरला आहे की नाही, हे दर वेळी पाहावे लागते. 1918 च्या कायद्यानुसार 1920 मध्ये मुंबईत सेन्सॉर मंडळ सुरू झाले. त्यापुढच्या चित्रांसाठी जाहिरातीतले नाव प्रमाणपत्रावरच्या नावाशी ताडून घेता येते. पुनर्प्रदर्शनाच्या वेळी नाव बदललेले असेल, तर ते इथेच पकडता येते.

जुन्या अंकांच्या फायली चाळताना पहिले आणि शेवटचे पान आधी काढावे. त्या काळात 'टाइम्स'चे पहिले पानही जाहिरातींचेच असे, आणि बांधणीच्या वेळी नेमकी बाहेरची पाने फाटतात. आतला कॉलम शिलाईत दडलेला असतो. फाइल जोराने दाबून उघडली तर ठिसूळ कागद तुटतो, म्हणून ती पाचरीच्या आधारावर अर्धीच उघडी ठेवून फोटो घ्यावा, शेजारी पट्टी ठेवून. कॉलम इंच (एका कॉलमातली जाहिरातीची उंची, इंचांत) नंतर मोजता येतात. प्रत्येक नोंदीत पत्राचे नाव, तारीख, वार, पान, कॉलम, इंच, थिएटर, वेळा, दर आणि चित्राचे नाव जसे छापले तसे, चुकांसकट. डिजिटल इंग्रजी अंकांत शोधताना सोलापूरचे तेव्हाचे स्पेलिंग 'शोलापूर' असे होते, तेही टाकून पाहावे. 'हरिश्चंद्र'चे स्पेलिंग तर एकाच पत्रात दोन तऱ्हांनी आढळते, आणि यंत्राने वाचलेल्या मजकुरात चौकटीतली मोठी अक्षरे बहुधा गाळली जातात. अशा वेळी नावाऐवजी थिएटरच्या पत्त्यावरून शोध घेतला की चौकट लवकर हाती लागते.