शेजारच्या गावांचा एकत्र पाणलोट प्रस्ताव: कागद नेमके कुठे अडतात

प्रधानमंत्री कृषी सिंचाई योजनेच्या पाणलोट विकास घटक 2.0 मध्ये साधारण 5,000 हेक्टरचा सलग पाणलोट, म्हणजे ज्याचं पावसाचं पाणी एकाच ओढ्या-नाल्याला उतरतं असं क्षेत्र, हा एक प्रकल्प धरतात, डोंगराळ भागात त्याहून लहान. खर्चाची मर्यादा सपाट भागात हेक्टरी 22,000 रुपये, डोंगराळ व अवघड भागात 28,000. एवढ्या क्षेत्रात अनेक गावं येतात, म्हणून त्यांचे कागद एकमेकांशी जुळावे लागतात, आणि तिथेच फाइल परत येते.

सगळ्यात जास्त घोळ क्षेत्राचा. ग्रामपंचायत गावाचं पूर्ण भौगोलिक क्षेत्र लिहून मोकळी होते. समजा गाव 800 हेक्टरचं आहे, पण डोंगराच्या धारेपलीकडचे 280 हेक्टर दुसऱ्या ओढ्याला उतरतात. मग प्रस्तावात 520 हेक्टरच यायला हवेत. त्यासाठी गाव नकाशावर पाणलोटाची हद्द उतरवून गटनिहाय यादी करा. असा नकाशा तलाठ्याकडे तयार मिळत नाही. गाव नकाशा भूमी अभिलेखकडून घ्या, हद्द प्रकल्प राबवणाऱ्या यंत्रणेकडून, आणि शिवारफेरीत पाणी कुठे वळतं ते बघून खात्री करा. हद्द एखाद्या गटाच्या मधूनच गेली, तर आतले आर तेवढेच धरा.

सगळ्या गावांची मिळून एक सभा, एक ठराव, एक समिती असं चालत नाही. आराखडा एकत्र असला तरी पाणलोट समिती प्रत्येक ग्रामपंचायतीची वेगळी. किमान 10 सदस्य, त्यांतले निम्मे बचत गट, उपभोक्ता गट, अनुसूचित जाती-जमाती, महिला आणि भूमिहीन यांच्यातले. बँक खातंही स्वतंत्र.

ग्रामसभेची गणपूर्ती 15 टक्के मतदार किंवा 100, यांपैकी कमी असेल ती. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, पण नवा विषयही घेता येत नाही. म्हणून पाणलोटाचा विषय पहिल्याच नोटिशीत हवा. आणि कृपा करून लक्षात घ्या, शेवटची तारीख कागद पोहोचण्याची असते, ठराव करण्याची नाही. त्या आठवड्यात सभा ठेवणारं एक गाव बाकीच्यांनाही अडकवतं.

आपल्या जमिनीत काम करू देण्याचं संमतीपत्र हा सर्वांत चिवट कागद. सातबाऱ्यावर वारलेल्या आजोबांचं नाव, वारस नोंद झालेली नाही, एक भाऊ पुण्यात. बांधावर प्रत्यक्ष राबणाऱ्या एकाची सही पुरत नाही, सगळे सहहिस्सेदार लागतात. कार्यालयं हे आधी सांगत नाहीत, त्रुटीपत्रात कळवतात, आणि तोवर महिने जातात. वारस नोंदीचे अर्ज आराखड्याआधीच द्या. शिवेवरच्या ओढ्यात बंधारा असेल तर दोन्ही काठांची संमती आणि दोन्ही गावांचे ठराव जोडा. माथ्यावर वनखात्याची जमीन असेल तर ग्रामसभेचा ठराव पुरत नाही, वनविभागाची परवानगी वेगळी मागावी लागते.