१३.३ सागरी मैल : 'नाइग्वाता' बुडाली त्यामागची पार्श्वभूमी

३० मार्च २०२०. मध्यरात्र उलटून पाऊण तास झाला असताना कॅरिबियन समुद्रात व्हेनेझुएलाच्या ला तोर्तुगा बेटाजवळ काय घडले, हे आता जगजाहीर आहे. त्यावरचे विनोदही सगळ्यांचे सांगून झाले. व्हेनेझुएलाच्या नौदलाची 'नाइग्वाता' ही तोफधारी गस्ती नौका 'रेझोल्यूट' या रिकाम्या पर्यटक जहाजाला धडकली आणि स्वतःच बुडाली. जहाज मात्र आपल्याच इंजिनावर कुरासाव बेटावरच्या विलेमस्टाड बंदरात पोचले. हसण्याच्या भरात मागे राहिला तो एक आकडा, १३.३.

बेटापासून आपले जहाज इतक्या सागरी मैलांवर होते, असे 'रेझोल्यूट' चालवणाऱ्या कंपनीने नंतर जाहीर केले. प्रादेशिक समुद्र, म्हणजे किनारी देशाची सत्ता चालते ते पाणी, किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत असतो आणि व्हेनेझुएलाचा स्वतःचा कायदाही तेच सांगतो. म्हणजे सारा वाद १.३ मैलांचा, जमिनीवरच्या मापात जेमतेम अडीच किलोमीटरचा.

व्हेनेझुएलाच्या बाजूने जो शब्द पुढे आला तो 'आग्वास हुरिस्दिक्सिओनालेस', म्हणजे अधिकारक्षेत्रातले पाणी. हा शब्द सोयीचा आहे. त्यात १२ मैलांचा प्रादेशिक समुद्र येतो, २४ मैलांपर्यंतचा संलग्न पट्टा येतो आणि ओढूनताणून २०० मैलांचे आर्थिक क्षेत्रही बसते. आपल्या मराठी बातम्यांतली 'सागरी हद्द' अशीच सैल आहे. मालवण-देवगडच्या मच्छीमाराला विचारा, तो हद्द कशाची ते आधी विचारेल, कारण राज्याचा मासेमारी कायदा १२ मैलांपाशी संपतो आणि परराज्यातल्या ट्रॉलरशी त्याचे भांडण नेमके तिथेच असते. २०१२ मध्ये केरळच्या किनाऱ्यापासून २०.५ मैलांवर इटालियन नौसैनिकांच्या गोळीबारात दोन मच्छीमार मारले गेले, तेव्हा खटला राज्याने चालवायचा की केंद्राने, हे ठरवायला सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. प्रत्येक पट्ट्यातला अधिकार निराळा असतो.

संलग्न पट्ट्यात किनारी देशाला चारच बाबतींत हात घालता येतो : जकात, कर, परदेशी नागरिकांचा प्रवेश आणि आरोग्य. कोविडचा तो महिना होता, त्यामुळे आरोग्याचे कारण तरी दाखवता आले असते. प्रत्यक्षात सरकारी निवेदनाचा सगळा भर जहाजावर भाडोत्री सैनिक असू शकतील या संशयावर होता. व्हेनेझुएला समुद्री कायद्याच्या आंतरराष्ट्रीय कराराचा सदस्य नाही. १९८२ मध्ये ज्या चार देशांनी त्याविरुद्ध मत दिले, त्यांत तो होता. पण १२ मैलांचा नियम त्याने स्वतःच केलेला आहे, म्हणून ही पळवाट फार लांब जात नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. 'रेझोल्यूट' तिथे दिवसभर नुसते तरंगत होते. उजवे इंजिन दुरुस्तीला काढलेले आणि डावे सज्ज ठेवलेले, हे कंपनीचेच म्हणणे. १२ मैलांच्या आत असे थांबून राहणे 'निर्दोष मार्गक्रमण', म्हणजे परक्या जहाजाला त्या पाण्यातून निरुपद्रवीपणे जाण्याचा जो हक्क असतो तो, ठरत नाही, कारण मार्गक्रमण म्हटले की न रेंगाळता पुढे जाणे आले. त्या रेषेबाहेर तेच तरंगणे पूर्ण कायदेशीर होते. दिवसभर प्रवाहावर असलेले जहाज कुठल्या क्षणी रेषेच्या कुठल्या बाजूला होते, याचा जाहीर पुरावा म्हणजे पुन्हा त्या कंपनीचाच आकडा. मला तो खरा वाटतो, तरी तो एका पक्षाचा आहे हे नोंदवतो.

मागचा इतिहास थोडक्यात सांगतो. जहाज १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला फिनलंडमध्ये बांधलेले, ध्रुवीय सहलींसाठी. 'हान्सेआटिक' या नावाने त्याने जर्मन पर्यटकांना वर्षानुवर्षे फिरवले आणि १९९६ मध्ये कॅनडाच्या आर्क्टिकमध्ये ते एकदा तळाला टेकून अडकलेही. २०१८ मध्ये ते कॅनडातल्या एका सहल कंपनीकडे गेले आणि नावापुढे 'आरसीजीएस' ही अक्षरे लागली. ती तटरक्षक दलाची नव्हेत, तिथल्या भूगोल संस्थेची. त्याला 'बर्फफोड्या' म्हणणेही चूकच. ते बर्फ फोडत नाही, बर्फाचा मार सोसते. २०१९ च्या अखेरीस त्या सहल कंपनीची आर्थिक घडी विस्कटली. ५ मार्च २०२० रोजी जहाज ब्वेनोस आयरेसहून निघाले तेव्हा त्यावर प्रवासी नव्हते, फक्त ३२ खलाशी होते.

'नाइग्वाता' स्पेनमध्ये बांधलेली. २००५ मध्ये झालेल्या मोठ्या शस्त्रखरेदीतली ती. त्याच व्यवहारातली विमाने अमेरिकेने सुट्या भागांचे कारण दाखवून अडवली, जहाजे मात्र मिळाली.

त्या रात्री नौदलाने रेडिओवरून मार्गारिता बेटावरच्या बंदराकडे चलण्याचा हुकूम दिला. कप्तान कंपनीच्या मुख्यालयाला विचारत होता, तेवढ्यात गोळ्या झाडल्या गेल्या. मग नौका जहाजाच्या उजव्या बाजूला येऊन आदळली आणि नाक व्हेनेझुएलाच्या दिशेला वळवण्यासाठी रेटत राहिली, असे कंपनी म्हणते. बर्फासाठी मजबूत केलेल्या जहाजाच्या नाकाडाला पाण्याखाली जो फुगवटा असतो, त्यावर गस्ती नौकेचा पत्रा फाटला. काराकासच्या, म्हणजे व्हेनेझुएला सरकारच्या, मते उलटे घडले : जहाजानेच धडक दिली, हा चाचेपणा आणि दहशतवाद होता. शिवाय ते मदत न करता पळून गेले. कंपनी सांगते की जहाज तासाहून अधिक काळ जवळपास थांबले, नौकेकडून उत्तर आले नाही आणि कुरासावच्या बचाव केंद्राने मदतीची गरज नाही असे कळवल्यावरच ते निघाले. नौकेवरचे सर्व ४४ जण वाचले. 'रेझोल्यूट'ला किरकोळ इजा झाली. २०२२ पासून ते नवे नाव घेऊन न्यूझीलंडच्या एका कंपनीकडे अंटार्क्टिकाच्या सफरी करते.

गोळी झाडण्याइतकी घाई कसली होती, हे त्या आठवड्याच्या बातम्यांतून उलगडते. २३ मार्चला कोलंबियात शस्त्रांचा मोठा साठा पकडला गेला आणि तो आपल्याविरुद्धच होता, असा काराकासचा दावा होता. २६ मार्चला अमेरिकेने व्हेनेझुएलाच्या अध्यक्षांवर अमली पदार्थांच्या तस्करीचा खटला जाहीर केला, दीड कोटी डॉलरच्या इनामासह. धडकेनंतर दोनच दिवसांनी, १ एप्रिलला, कॅरिबियनमध्ये जास्तीच्या युद्धनौका पाठवण्याची अमेरिकेची घोषणा झाली. त्या दिवसांत गस्तीवर असलेल्या माणसाला दिवे लावून उभे असलेले परके जहाज साधे वाटणे कठीणच.

आणि भाडोत्री सैनिक खरोखर आले. ३ मे च्या पहाटे काराकासजवळच्या माकुतो किनाऱ्याकडे आलेली एक वेगवान बोट अडवली गेली, त्यात आठ जण मेले. दुसऱ्या दिवशी चुआओ गावाजवळ दुसरी बोट सापडली. तिच्यात अमेरिकी विशेष दलातले दोन माजी सैनिक होते. त्यांना पकडायला पोलिसांबरोबर गावातले मच्छीमारही होते.