बंदुकीची दारू व तिची आरंभीची शस्त्रे

बंदुकीची दारू : सोरा (पोटॅशियम नायट्रेट), लोणारी कोळसा आणि गंधक यांचे बारीक कुटलेले मिश्रण. उत्तरकाळात यांचे प्रमाण बहुतेक ठिकाणी अनुक्रमे ७५ : १५ : १० असे स्थिरावले. कोळसा व गंधक ही इंधने. त्यांच्या ज्वलनाला लागणारा ऑक्सिजन सोऱ्यातून मिळतो, त्यामुळे बंद नळीतही ही दारू पेटते. सोरा कमी पडला तर मिश्रण नुसते भडकते, वाढवत नेला की धक्का देऊ लागते. जुन्या कृतींचा काळ ठरवताना हे प्रमाण उपयोगी पडते.

उगम : ही दारू चीनमध्ये, तांग काळात, बहुधा नवव्या शतकात सिद्ध झाली, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. अमरत्वाचे रसायन शोधणाऱ्या ताओपंथी किमयागारांच्या हाती ती अनपेक्षितपणे आली असावी. साधारण ८५० च्या सुमाराच्या मानल्या जाणाऱ्या एका ताओपंथी ग्रंथात गंधक, मनशीळ, सोरा व मध एकत्र तापवू नयेत असे बजावले आहे. तसे करणाऱ्यांचे हात व तोंड भाजले, घरही जळाले, अशी त्याची साक्ष आहे. त्या ग्रंथाच्या कालनिर्णयाविषयी मात्र एकमत नाही.

प्रमाणासह लिहिलेली कृती प्रथम आढळते ती सुंग दरबाराने १०४४ मध्ये सिद्ध करविलेल्या ‘वूजिंग झोंगयाव’ या युद्धशास्त्रीय संग्रहात. त्यातील तीन कृतींत सोरा निम्म्याच्या आसपास असून राळ, तेल, मेण अशा ज्वालाग्राही पदार्थांची भर आहे. उपलब्ध प्रती बऱ्याच नंतरच्या, मिंग काळातील (१३६८–१६४४) असल्याने हा भाग प्रक्षिप्त असावा, अशी शंका काहींनी घेतली. ती फारशी टिकत नाही; नंतर कोणी भर घातली असती तर ती आपल्या काळच्या तीव्र दारूची घातली असती.

अग्निभाला ते तोफ : अग्निभाला म्हणजे दारू भरलेली, पुढच्या तोंडाने ज्वाला ओकणारी नळी. दुनह्वांग (चीन) येथील एका रेशमी चित्रात (सध्या पॅरिसच्या गिमे संग्रहालयात) बुद्धावर चालून आलेल्या माराच्या सैन्यातील एका राक्षसाच्या हाती ज्वाला ओकणारी नळी दिसते. शैलीवरून चित्र दहाव्या शतकाच्या मध्याचे ठरवतात. लेखी पुरावा त्याहून बराच उशिराचा : ११३२ मध्ये दआनच्या वेढ्यात चेन ग्वी याने लांब बांबूचे वीसहून अधिक अग्निभाले वापरले, एकेक भाला दोघे मिळून धरीत.

१२३२ मध्ये मंगोलांनी कायफंगला वेढा घातला, त्या वेळची शहर राखणाऱ्या जिन राजवंशाच्या सैन्याची शस्त्रे जिन राजवंशाच्या इतिहासात तपशिलाने आली आहेत. कातड्याच्या छपराखाली लपून तट खणणाऱ्या मंगोलांवर दारू ठासलेली लोखंडी भांडी साखळीने खाली सोडत. सोळा पदरी कागदाची सुमारे दोन चिनी फूट लांबीची नळी करून तीत विलो झाडाचा कोळसा, लोखंडाचा कीस, चिनी मातीची पूड, गंधक व सोमल भरत. तिची ज्वाला दहा पावलांहून पुढे जाई. आश्चर्य म्हणजे या यादीत सोऱ्याचा उल्लेखच नाही. तो गाळला गेला असावा. त्यावाचून नळी पेटती ना. १२५९ मध्ये बांबूच्या नळीतून गोळीसारखी वस्तू फेकणारे शस्त्र नोंदले आहे. ही नळी धातूची झाली की हाततोफच.

आचंग (ईशान्य चीनमधील हेलोंगजियांग प्रांत) येथे १९७० मध्ये सापडलेली कांस्याची हाततोफ ३४ सेंमी. लांब व सुमारे साडेतीन किलो वजनाची आहे. तिच्यावर लेख नाही. त्या प्रदेशातील १२८७-८८ च्या लढायांशी तिचा संबंध जोडून काळ सुचवला जातो. लेखावरून १२९८ ही तारीख मिळणारी शांगदूची (मंगोल सम्राटांची उन्हाळी राजधानी) तोफ त्या मानाने निर्विवाद.

पश्चिमेकडील प्रसार : अरबी लेखकांनी सोऱ्याला ‘चिनी बर्फ’ म्हटले आहे. सिरियातील हसन अल्-रम्माह (मृत्यू १२९५) याने सोरा शुद्ध करण्याची रीत दिली आहे. कच्चा सोरा हवेतील ओल धरतो. लाकडाच्या राखेच्या पाण्याने त्यातील चुनखडीचा अंश खाली बसतो आणि कोरडा, जोमदार सोरा हाती येतो. यूरोपात इंग्रज विद्वान रॉजर बेकनने १२६७ च्या सुमारास आवाजी फटाक्याचे वर्णन केले आहे. शब्दकोड्यात त्याने कृती दडवल्याची कथा मात्र संशयास्पद आहे. फ्लॉरेन्सचा धातूच्या तोफांविषयीचा दस्तऐवज आणि इंग्लंडमधील फुलदाणीच्या आकाराच्या तोफेचे चित्र, दोन्ही १३२६ ची.

भारत : प्राचीन भारतात ही दारू होती, असे मत संस्कृतचा अभ्यासक गुस्ताव ओपर्ट याने १८८० मध्ये मांडले. त्याचा मुख्य आधार शुक्रनीती हा राजनीतीवरील संस्कृत ग्रंथ. तीत सोरा पाच पळे (पळ हे वजनाचे माप), गंधक एक पळ आणि रुई, निवडुंग इत्यादींचा कोळसा एक पळ अशी कृती आहे. म्हणजे सोरा सुमारे ७१ टक्के! इतके प्रमाण प्रगत, तोफांच्या काळातील दारूचे असते. शुक्रनीतीचा हा भाग अर्वाचीन ठरवणाऱ्यांचे म्हणणेच ग्राह्य वाटते. महाकाव्यांतील ‘शतघ्नी’ (शंभरांना मारणारी) हे शस्त्राचे नाव पुरावा म्हणून पुरत नाही. इतिहासकार इक्तिदार आलम खान यांच्या मते ही विद्या मंगोलांमार्फत तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर भारतात आली. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील प. कृ. गोडे यांनी शोभेच्या दारूचे उल्लेख जमवले, ते प्रामुख्याने १४०० नंतरचे आहेत. त्यांतील इराणी वकील अब्दुर रझ्झाकचे विजयनगरचे वर्णन १४४३ चे.

दख्खनमधील तोफांचा आरंभ विजापूरचा फार्सी इतिहासकार फिरिश्ता १३६६ च्या सुमारास, बहमनी-विजयनगर युद्धात दाखवतो. त्याने अडीच शतकांनंतर लिहिले असून तोफखान्यात त्या काळी येथे न आलेले फिरंगीही (यूरोपीय) कामाला लावले आहेत, त्यामुळे हा वृत्तान्त जपून घ्यावा. बहमनी वजीर महमूद गावानने बेळगावच्या वेढ्यात (१४७२) तटाखाली सुरुंग उडवले, हे अधिक विश्वसनीय. मुलूख मैदान ही प्रचंड तोफ अहमदनगरला १५४९ मध्ये मुहम्मद बिन हुसेन रूमी याने ओतली. ती आता विजापूरला आहे.